टोलच्या रस्त्याचा करार माहितीच्या अधिकारात कसा मागवावा : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

कोल्हापुरातील एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ म्हणजेच बीओटी तत्त्वावर राबवला गेला. सुमारे २२० कोटी रुपयांच्या या कामाच्या मोबदल्यात खासगी कंपनीला ३० वर्षे टोल वसूल करण्याचा हक्क मिळाला होता, आणि प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या दीर्घ आंदोलनानंतरच ती वसुली रद्द झाली. टोल किती, किती वर्षे आणि कोणत्या अटींवर, हे सारे करारात ठरते. त्यामुळे असा करार नागरिकांनी नाका उभा राहण्यापूर्वी वाचलेला असावा, असे मला मनापासून वाटते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार तो मागवता येतो.

भारताचा कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. तो त्या रस्त्याचा वापर करतो की नाही हे पाहिले जात नाही आणि कलम ६(२) नुसार माहिती कशासाठी हवी याचे कारणही द्यावे लागत नाही.

अर्ज थेट कंपनीकडे करायचा नसतो. करारावर सही करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे तो द्यायचा असतो. शहरातील रस्ता असेल तर महानगरपालिका, राज्य रस्ते विकास महामंडळाचे काम असेल तर महामंडळ आणि पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गासाठी भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, असा साधारण विभाग आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणे तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणे बंधनकारक आहे.

राज्य यंत्रणेसाठी ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात अर्ज करावा आणि त्यावर १० रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावावे. शुल्क रोखीनेही भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. याखेरीज फारशी कागदपत्रे लागत नाहीत. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, ही राज्याच्या नियमांतील अट अनेकांना ठाऊक नसते. केंद्रीय यंत्रणेसाठी हीच मर्यादा ५०० शब्दांची आहे. दोन्हीकडे ऑनलाइन अर्जाची सोय आहे.

खरा कस लागतो तो काय मागायचे हे ठरवताना. ‘प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिल्यास उत्तरही तितकेच मोघम येते, म्हणून कागदाचे नाव घेऊन मागणी करावी: सर्व परिशिष्टांसह मूळ करार, त्यातील नंतरच्या दुरुस्त्या, वाहतूक मोजणीचे अहवाल, स्वतंत्र अभियंत्याचे (करारानुसार कामावर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेल्या तज्ज्ञाचे) तपासणी अहवाल आणि टोलची अधिसूचना. माझ्या मते या सर्वांहून मोलाचे आहे ते तात्पुरते पूर्णत्व प्रमाणपत्र, म्हणजे काही कामे बाकी असतानाही रस्ता वापरण्यायोग्य असल्याचा दाखला, कारण त्याच्या आधारे वसुली सुरू होऊ शकते आणि राहिलेल्या कामांची यादी त्यासोबत जोडलेली असते. करार मुदतीपूर्वी संपल्यास कंपनीला किती रक्कम द्यावी लागेल, हे सांगणारे कलमही आवर्जून वाचावे, कारण ते पैसे अखेर सार्वजनिक तिजोरीतूनच जातात. कागदांबरोबर कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही कलम २(ञ) देते. छायाप्रतीसाठी पानामागे २ रुपये आकारले जातात.

उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. कंपनीने गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल तर तिला कलम ११ ची नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी दिली जाते आणि मुदत ४० दिवसांपर्यंत जाते. व्यापारी गुपिताचे कारण देऊन, म्हणजे कलम ८(१)(घ) खाली, संपूर्ण करारच नाकारला गेला तर अर्जदाराने थांबू नये. व्यापक लोकहित असल्यास तीही माहिती देता येते आणि कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला भाग द्यावा लागतो. हे दोन्ही मुद्दे पहिल्या अपिलात स्पष्ट लिहावेत.

पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, उत्तर मिळाल्यापासून किंवा उत्तराची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करावे. राज्यात त्यासाठी २० रुपयांचे स्टँप लागते. त्यानंतरचे दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, तर महामार्ग प्राधिकरणाच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाकडे करायचे असते. अर्जाची पोच आणि टपालाची पावती तोपर्यंत जपून ठेवावी, कारण मुदतीची मोजणी त्यांवरच होते.