कुलचिन्हांचे संयोजन

यूरोपातील सरदार घराण्यांच्या ढालीवर एकाहून अधिक घराण्यांची कुलचिन्हे ठरावीक नियमांनी एकत्र मांडण्याची पद्धत. इंग्लंडमध्ये तिला मार्शलिंग म्हणतात. पत्नीचे माहेर, आई, आजी, पणजी यांची माहेरे आणि भावाभावांतला थोरला-धाकटा क्रम, इतके सगळे एका ढालीवरून वाचता येते. तरीही ढाल म्हणजे वंशवृक्ष नव्हे. इंग्लिश रिवाजात आईचे घराणे मुलांच्या ढालीवर कायमचे येते ते तिच्या माहेरच्या पातीचा पुरुषवंश खुंटला असेल तेव्हाच. म्हणून अनेक खणांची, म्हणजे घराण्यागणिक चौकोनी भाग पाडलेली ढाल ही बहुतांशी संपलेल्या पात्यांची यादी असते.

वाचताना पहिली फसगत बाजूंची होते. ढालीची उजवी-डावी बाजू ती हातात धरणाऱ्याच्या अंगाने ठरते, त्यामुळे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला असते ती ढालीची उजवी. हीच मानाची बाजू आणि पतीचे चिन्ह तिथे असते.

सुरुवातीला दोन्ही घराण्यांच्या ढाली नुसत्या शेजारी शेजारी लावत. पहिल्या एडवर्डची राणी एलिनॉर 1290 मध्ये वारली. वेस्टमिन्स्टर ॲबीतील तिच्या थडग्यावर इंग्लंड, तिचे माहेर कास्तील-लेओन आणि तिच्या आईचे फ्रान्समधील पाँतिय अशा स्वतंत्र ढाली आहेत. त्याच सुमारास दोन्ही ढाली उभ्या मधोमध कापून अर्धे अर्धे भाग जोडण्याची रीत आली, पण ती टिकण्यासारखी नव्हती. घराच्या आढ्यासारखा शेव्हरॉन पट्टा अर्धा कापला की साधा तिरका पट्टा दिसू लागतो आणि घराणेच ओळखू येत नाही. ग्रेट यार्मथ शहराच्या चिन्हात पुढून सिंह आणि मागून हेरिंग मासा असे तीन प्राणी आहेत, ते याच कापाकापीतून जन्मले. चौदाव्या शतकात दोन्ही चिन्हे न कापता, अर्ध्या ढालीत मावतील अशी अरुंद करून मांडू लागले. जुन्या रीतीची एक खूण मात्र उरली: चिन्हाला किनार असेल तर ती मधल्या रेषेपाशी तोडतात. ही जोडढाल त्या जोडप्यापुरती असते, मुलांकडे जात नाही. बिशपही हीच मांडणी वापरतात. धर्मपीठाचे चिन्ह पतीच्या जागी आणि बिशपचे स्वतःचे पत्नीच्या जागी येते.

पत्नी वारस असेल तर नियम बदलतो. वारस म्हणजे जमीनजुमला मिळालेली नव्हे, तर जिला भाऊ नाही किंवा जिचे भाऊ निःसंतान वारले आहेत ती. अनेक बहिणी असतील तर सगळ्या सारख्याच वारस. भाऊ एखादी मुलगी मागे ठेवून गेला तर वारस ती मुलगी ठरते आणि तिचा वंश चालू आहे तोवर आत्याचे काही चालत नाही. वारस पत्नीचे चिन्ह पती स्वतःच्या ढालीच्या मधोमध छोट्या ढालीवर घेतो. काटेकोर नियमाने सासऱ्याच्या पश्चातच. आईच्या मृत्यूनंतर मुले ते स्वतंत्र खणात घेतात आणि पुढच्या पिढ्यांना देतात. अट एवढीच की वडिलांनाही स्वतःचे कुलचिन्ह असले पाहिजे. ते नसेल तर आईकडून आलेली सगळी साखळी तिथेच तुटते. वंशावळी तपासताना सर्वाधिक दावे इथे अडकतात.

खणांचा क्रम असा लागतो. ‘अ’ घराण्यातील पुरुषाने ‘ब’ची वारस मुलगी बायको केली, तर मुलांच्या ढालीवर चार खण: पहिला आणि चौथा ‘अ’, दुसरा आणि तिसरा ‘ब’. त्या मुलाने ‘क’ घराण्याची वारस केली आणि तिने आधीच मिळालेला ‘ड’ सोबत आणला, तर नातवाची ढाल अ, ब, क, ड अशी भरते. पुढे ‘इ’ आले की पाच होतात; मग सहा खण पाडून शेवटच्यात पुन्हा ‘अ’ घालतात. थोडक्यात, क्रम लग्नांचा. प्रत्येक वारशीण आपल्या मागची सगळी गाठोडी घेऊन येते आणि ती तिच्या लगेच मागे लागतात. सगळे खण दाखवण्याची सक्ती नाही, मात्र ‘ड’ दाखवायचा तर ज्या ‘क’मुळे तो आला तो गाळता येत नाही. अनेकजण राजघराण्याचा खण ठेवून मधला अप्रसिद्ध गाळतात आणि ढाल खोटी पडते.

हौसेची कमाल बकिंगहॅमशरमधील स्टो या वाड्यात दिसते. शँडोसच्या मार्क्विससाठी 1822 ते 1839 दरम्यान तयार केलेल्या ग्रेनव्हिल चित्रफलकावर 719 खण आहेत. हाच मार्क्विस पुढे बकिंगहॅमचा दुसरा ड्यूक झाला, कर्जात बुडाला आणि 1848 मध्ये वाड्यातील चीजवस्तू लिलावात निघाल्या.

खण हे हक्काच्या दाव्याचेही साधन होते. तिसऱ्या एडवर्डने 1340 मध्ये आई इझाबेलाच्या नात्याने फ्रान्सचे सिंहासन मागितले आणि फ्रान्सची लिलीफुले पहिल्या व चौथ्या खणात, म्हणजे इंग्लंडच्या सिंहांच्याही आधी बसवली. ती 1801 मध्ये काढली गेली.

जर्मन प्रदेशांतील ‘सोळा पूर्वज’ हा प्रकार वेगळा आहे आणि त्याची इंग्लिश खणांशी गल्लत होते. तिथे पणजोबा-पणजीच्या वरच्या पिढीतले सोळाही जण खानदानी असल्याचा पुरावा द्यावा लागे. वारस असण्या-नसण्याचा प्रश्न नसे. ट्यूटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघात प्रवेशासाठी असा पुरावा मागत. इंग्लंडमध्ये सोळा खणांच्या मालकाची आजी साध्या शेतकऱ्याची मुलगी असू शकते.

भावांचा क्रम छोट्या खुणांनी दाखवतात: वडील हयात असेपर्यंत थोरल्याला दातेरी आडवी पट्टी, दुसऱ्याला चंद्रकोर, तिसऱ्याला तारा, चौथ्याला पाय नसलेली पाकोळी, पाचव्याला कडे, पुढे लिली, गुलाब, दुभंगत्या टोकांचा क्रूस आणि नवव्याला आठ पाकळ्यांचे फूल. कागदावर हे सुबक वाटते. पण दुसऱ्या मुलाचा तिसरा मुलगा चंद्रकोरीवर तारा काढतो, त्याचा चौथा मुलगा ताऱ्यावर पाकोळी, आणि मग भिंगाशिवाय काही दिसत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये या खुणा बहुतेकांनी सोडल्या. स्कॉटलंडची रीत अधिक शहाणी म्हणावी लागेल: धाकट्या पातीने लॉर्ड लायन या अधिकाऱ्याकडे चिन्हाची नव्याने नोंद करायची आणि तो बहुधा वेगळ्या रंगाची किनार नेमून देतो.

अशीच एक किनार गोव्यात पाहायला मिळते. पोर्तुगालच्या राजचिन्हाची किल्ल्यांची तांबडी किनार राजा तिसऱ्या अफोन्सोची. तो धाकटा मुलगा होता आणि त्याची आई उराका कास्तीलची, ज्या घराण्याचे चिन्ह किल्ला. मूरांकडून, म्हणजे तिथल्या मुस्लिम सत्ताधाऱ्यांकडून जिंकलेले सात किल्ले ही लोकप्रिय कथा नंतरची असावी. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या फरशीत पोर्तुगीज घराण्यांची चिन्हे कोरलेल्या समाधिशिला आहेत. भारतीय संस्थानांची गोष्ट निराळी. 1877 च्या दिल्ली दरबारासाठी बंगाल सनदी सेवेतील रॉबर्ट टेलरने संस्थानिकांच्या निशाणांवरची चिन्हे रचली. ती राज्याची ओळख होती. त्यांत सोयरिकी शोधू नयेत.

स्त्रियांचे चिन्ह ढालीऐवजी चौकटच्या पत्त्यासारख्या आकारावर काढत. इंग्लिश चर्चमध्ये टांगलेले मृत्युफलकही याच आकाराचे असतात आणि त्यांची पार्श्वभूमी बोलकी असते. पती वारला आणि पत्नी मागे असेल तर पाहणाऱ्याच्या डावीकडचा अर्धा भाग काळा, पत्नी आधी गेली तर उजवा. संपूर्ण काळ्यावर जोडढाल असेल तर जोडीदार आधीच गेलेला असतो, आणि एकट्याचीच ढाल असेल तर मृत व्यक्ती अविवाहित होती.