कोकणातील नगरपरिषदांचे अंदाजपत्रक आणि अनुदानकपात

येत्या आर्थिक वर्षात कोठून किती पैसा येईल आणि तो कशावर खर्च करायचा, याचा नगरपरिषदेच्या सभेने मंजूर केलेला हिशेब म्हणजे नगरपरिषदेचे अंदाजपत्रक. महाराष्ट्रात त्याला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याच्या कलम १०१ चा आधार आहे. कोकण किनाऱ्यावर डहाणू, अलिबाग, मुरुड-जंजिरा, श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले या नगरपरिषदा आणि गुहागर, देवगड-जामसंडे यांसारख्या नगरपंचायती या कायद्याखाली चालतात. महाड, खेड, चिपळूण, राजापूर ही खाडी-नदीकाठची जुनी बाजारपेठेची गावेही त्यातच येतात. शहरे लहान आहेत. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे ७६ हजार, चिपळूणची ५५ हजार, तर वेंगुर्ल्याची जेमतेम १२ हजार होती. ४० हजार ते १ लाख लोकसंख्येची नगरपरिषद ‘ब’ वर्गात मोडते, त्याखालची ‘क’ वर्गात. किनाऱ्यावरच्या बहुतेक ‘क’ वर्गातल्याच आहेत, आणि त्यांचे अंदाजपत्रक स्वतःच्या करांपेक्षा मंत्रालयाकडून येणाऱ्या पैशांवर जास्त उभे असते.

हे अवलंबित्व वाढण्यात जकात रद्द होण्याचा वाटा मोठा आहे. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, बंद झाली. नाक्यावर रोज जमा होणारी रोकड गेली आणि तिच्या जागी शासनाचे सहायक अनुदान आले. कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः याच अनुदानातून होतात. ते पंधरा दिवस लांबले की पगार पंधरा दिवस लांबतो. जमीन-घरांच्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्कासोबत घेतला जाणारा एक टक्का अधिभारही नगरपरिषदेच्या नावाचा असतो, पण तो आधी राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून सवडीने खाली येतो.

स्वतःच्या उत्पन्नात घरपट्टी आणि पाणीपट्टी ही मोठी कलमे. बाकी दुकानगाळ्यांचे भाडे, बाजार फी, बांधकाम परवानगीचे विकास शुल्क आणि किरकोळ दाखल्यांची फी. घरपट्टीची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. चतुर्थ वार्षिक आकारणीच्या नोटिसा घरोघर गेल्या की हरकतींचा ढीग पडतो, मोर्चे निघतात, आणि सत्तेत कोणीही असो, सभेचा कल दर न वाढवण्याकडे झुकतो. निवडणूक जवळ असेल तर विचारायलाच नको.

कोकणात वसुलीला आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे बंद घर. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याचे वाडवडिलांचे घर वर्षातून दोनदा उघडते, गणपतीत आणि मे महिन्यात. सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर पाच-सहा भावंडांची नावे असतात, कर मात्र ‘काका भरतात’ अशी समजूत असते. मार्चच्या वसुलीत लिपिक दाराला नोटीस चिकटवून येतो, ती पहिल्या पावसात गळून पडते. नळजोडणी तोडण्याची धमकी इथे चालत नाही, कारण परसात विहीर असते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते, आणि काही वर्षांनी शास्तीच मूळ करापेक्षा जड होऊन बसते. मग सवलतीच्या योजनेची वाट पाहिली जाते. ही थकबाकी अंदाजपत्रकात मात्र दरवर्षी ‘अपेक्षित जमा’ म्हणून पुन्हा दिसते.

समुद्रामुळे होणारी मोठी उलाढालही नगरपरिषदेच्या खात्यात फारशी उतरत नाही. मासेमारी बंदरांचा कारभार मत्स्यव्यवसाय विभागाकडे, जेट्ट्या आणि प्रवासी बोटी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, हॉटेलांवरचा जीएसटी केंद्र आणि राज्याकडे. मे महिन्यात मालवणात किंवा अलिबागेत पर्यटकांची रीघ लागली की कचरा, पाणी आणि वाहतुकीचा भार वाढतो तो नगरपरिषदेवर. माथेरानसारखी गिरिस्थानावरची नगरपरिषद येणाऱ्याकडून प्रवासी कर घेऊ शकते, कारण तिथे शिरायची वाट एकच आहे. चारी बाजूंनी रस्ते येणाऱ्या किनारी गावात असा कर गोळा करणे व्यवहारात कठीण.

अनुदानात कपात झाल्याचा आदेश क्वचितच निघतो. राज्याच्या वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, विकासकामांसाठी त्या वर्षीच्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असे जाहीर केले, हा उघड कपातीचा ठळक नमुना. एरवी कपात आडवाटांनी येते. मंजूर कामाचा पहिला हप्ता येतो आणि दुसरा येत नाही. जिल्हा नियोजन समितीचा निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संगणकीय प्रणालीवर दिसतो आणि ३१ तारखेच्या रात्री कोषागाराच्या दारात फाइल अडकते. ‘वैशिष्ट्यपूर्ण’ कामांसाठी राज्य जे वेगळे अनुदान देते, त्या योजनेतल्या कामांना सरकार बदलले की स्थगिती मिळते. २०२४ च्या जुलैपासून महिलांना दरमहा १५०० रुपये देण्याची योजना सुरू झाल्यावर राज्याच्या तिजोरीवरचा ताण वाढला आणि २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर दाखवली गेली. ठेकेदारांची थकलेली बिले हा त्यानंतर राज्यभर चर्चेचा विषय झाला. लहान नगरपरिषदेत त्याचा अर्थ इतकाच की निविदा काढली तरी भरायला कोणी येत नाही.

केंद्राच्या पैशाला अटी आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानात दर १०० रुपयांतले ३० पिण्याच्या पाण्यासाठी आणि ३० स्वच्छतेसाठी बांधलेले होते. मोकळे राहिले ४०, पण तेही पगार किंवा आस्थापनेवर वापरता येत नव्हते. त्याशिवाय लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर टाकणे आणि मालमत्ता कराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या गतीने वाढवणे, या अटी होत्या. ज्या नगरपरिषदेला घरपट्टी वाढवायची हिंमत नाही, तिला दिल्लीचे अनुदानही त्याच कारणाने हुकू शकते.

मोठ्या योजनांमध्ये स्वहिस्सा भरावा लागतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या लहान व मध्यम शहरांच्या पायाभूत सुविधा योजनेत केंद्र ८०, राज्य १० आणि नगरपरिषद १० टक्के असे गणित होते. दहा टक्के कागदावर थोडे वाटतात, पण नळपाणी योजनेची किंमत कोटींत असते आणि रखडली की ती वाढते, वाढीव भार मात्र बऱ्याचदा नगरपरिषदेच्या माथी येतो. योजना पूर्ण झाल्यावर पंपाचे वीजबिल कायमचे मागे लागते. रत्नागिरीला शीळ धरणातून पाणी उपसावे लागते. राजापूरला ब्रिटिशकाळातले कोदवलीचे ‘सायबाचे धरण’ उताराने पाणी देत आले, म्हणून लेखापाल मंडळी त्या धरणाचे नाव आजही आदराने घेत असतील तर नवल नाही.

अंदाजपत्रक तयार होण्याची रीत ठरलेली आहे. डिसेंबरच्या सुमारास विभागांकडून मागण्या येतात, लेखापाल त्या जुळवतो, मुख्याधिकारी मसुदा करतो, स्थायी समिती त्यावर हात फिरवते आणि फेब्रुवारीअखेर विशेष सभेत तो मंजूर होतो. अंदाजपत्रक शिल्लकी असावे लागते. महिला व बालकल्याण, दिव्यांग आणि दुर्बल घटक यांच्यासाठी प्रत्येकी पाच टक्के राखून ठेवायचे असतात. सभेनंतर स्थानिक वर्तमानपत्रांत ‘इतक्या लाखांचे शिल्लकी अंदाजपत्रक मंजूर’ अशी बातमी येते. ही शिल्लक फसवी असते. आरंभीच्या शिल्लकेत मागील वर्षांची न वापरलेली योजनांची अनुदाने, ठेकेदारांच्या अनामत रकमा असे सगळे मिळून धरलेले असते, आणि त्यातला बराचसा पैसा दुसऱ्या कामाला वापरता येत नाही असा असतो. बँकेत कोटी पडून आहेत आणि डंपरला डिझेल नाही, हे दोन्ही एकाच दिवशी खरे असू शकते.

पैसा कमी पडला की कात्री कुठे लागते, हे वहीत स्पष्ट दिसते. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल आणि कर्जाचे हप्ते यांना हात लागत नाही. म्हणून आधी जातात त्या पाखाड्या. जांभ्या चिऱ्याची किंवा काँक्रीटची पायऱ्यांची ती अरुंद वाट चार-पाच घरांचीच असते, पण नगरसेवकाच्या दृष्टीने तीच मतांची वाट. तिच्या पाठोपाठ संरक्षक भिंती, वाचनालयाचे अनुदान, बागेची देखभाल. रस्त्यांचे डांबरीकरण पुढच्या वर्षावर ढकलले जाते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात ही काटकसर महागात पडते, कारण जूनमध्ये पडलेला खड्डा ऑगस्टपर्यंत रस्ता खातो. वहाळ आणि गटारांची सफाई मात्र टाळता येत नाही. ती एप्रिल-मेमध्ये व्हावी लागते, नेमकी ज्या महिन्यांत नव्या वर्षाचे अनुदान आलेले नसते. त्याच काळात उंचावरच्या वाड्यांना टँकरही पुरवायचे असतात.

काटकसरीतूनही काही निघते, याचे उदाहरण वेंगुर्ले. ओल्या-सुक्या कचऱ्याचे काटेकोर वर्गीकरण, बायोगॅस, आणि प्लास्टिकचा रस्त्याच्या डांबरात वापर यांमुळे तिथला कचरा डेपो लोक पाहायला जाऊ लागले. पण त्यासाठी लागणारी शिस्त पैशाने विकत मिळत नाही आणि अधिकारी बदलला की टिकेलच असेही नाही.

आपत्ती आली की सगळे आकडे कोलमडतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीचा किनारा झोडपला, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अशा वर्षी चिखल, कचरा उपसण्याचा खर्च लगेच करावा लागतो, आणि गाळ्यात कंबरभर पाणी गेलेल्या व्यापाऱ्याकडे मार्चमध्ये घरपट्टी मागायला जायला कोणी धजत नाही. मदतीचा निधी येतो, पण तो मुख्यतः नुकसानभरपाईचा असतो. बुडालेली करवसुली त्यातून भरून निघत नाही.

२०२१ च्या अखेरीपासून मुदत संपत गेलेल्या बहुतेक नगरपरिषदांवर, ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे निवडणुका लांबल्याने, प्रशासक होते. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक असल्याने अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. कामकाज वेगाने झाले, चर्चा मात्र झाली नाही. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान लोकनियुक्त मंडळ असलेल्या संस्थांनाच देय असल्याने या काळात तेही अडकले. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. निवडून आलेल्यांपुढे पहिले काम आले ते २०२६-२७ च्या अंदाजपत्रकाचे, आणि त्याच सुमारास, ३१ मार्च २०२६ रोजी, पंधराव्या वित्त आयोगाची मुदतही संपत होती.