नैसर्गिक निवडीचे प्रकार

सजीवांच्या एखाद्या समष्टीत, म्हणजे एका जागी राहणाऱ्या एकाच जातीच्या जीवांच्या गटात, वजन, उंची किंवा चोचीची जाडी मोजून आलेख काढला, की बहुधा घंटेच्या आकाराचा वक्र मिळतो : मधल्या मापाचे जीव पुष्कळ, दोन्ही टोकांचे मोजके. या वक्राच्या कोणत्या भागातले जीव तगतात आणि जास्त संतती मागे ठेवतात, त्यावरून नैसर्गिक निवडीचे दिशात्मक, स्थिरकारी आणि विभाजक असे तीन प्रकार मानतात.

दिशात्मक निवडीत वक्र एका टोकाकडे सरकतो. गालापागोस द्वीपसमूहातील डॅफ्नी मेजर बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने हे वर्षानुवर्षे पक्षी मोजून पाहिले. १९७७ साली तिथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही. फिंच पक्षी आधी बारीक, मऊ बिया वेचतात. त्या लवकरच संपल्या. उरली ती सराट्याच्या जातीतली टणक, काटेरी फळे, आणि ती फोडणे जाड चोचीलाच जमे. सुमारे ८५ टक्के पक्षी मेले. वाचलेल्यांची चोच सरासरीने जाड होती आणि त्यांच्या पिल्लांचीही तशीच निघाली. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण जिवावर बेतणारा. पिल्लांचा उल्लेख इथे महत्त्वाचा आहे, कारण लक्षण आनुवंशिक नसेल तर निवड कितीही कठोर असो, पुढच्या पिढीचा वक्र हलत नाही. पुढे १९८२-८३ साली प्रशांत महासागराचे पाणी तापवणाऱ्या एल निन्योने धो धो पाऊस आणला, बेटावर बारीक बियांची रेलचेल झाली आणि पारडे लहान चोचींकडे झुकले. फक्त सुरुवातीची आणि शेवटची सरासरी पाहणाऱ्याला मधली ही उलथापालथ कळणारही नाही.

स्थिरकारी निवडीत दोन्ही टोके छाटली जातात. सरासरी जागेवर राहते, वक्र अरुंद होतो. नवजात बालकांचे वजन हे पाठ्यपुस्तकांचे आवडते उदाहरण आहे : फार हलकी आणि फार जड बालके अधिक दगावत. मात्र प्रसूतीची वैद्यकीय सोय सुधारली तसा निवडीचा हा दाब सैल झाला. उत्तर अमेरिकेतील गोल्डनरॉड या वनस्पतीवरची गाठमाशी अधिक बोलकी. तिच्या अळीभोवती खोड फुगून गाठ बनते. गाठ लहान असली तर परजीवी गांधीलमाशीची अंडनलिका आत पोचते आणि अळी मरते. मोठी असली तर हिवाळ्यात ती पक्ष्यांच्या नजरेत भरते, आणि ते गाठ फोडून अळी खातात. ‘स्थिर’ दिसणारी ही अवस्था म्हणजे दोन शत्रूंची रस्सीखेच असते.

विभाजक निवड क्वचितच स्पष्ट दिसते. तीत मधले जीव मागे पडतात आणि वक्राला दोन उंचवटे येतात. कॅमेरूनमधील काळ्या पोटाच्या बीजफोड्या पक्ष्यात मोठ्या आणि लहान चोचीचे पक्षी आढळतात. लव्हाळ्याच्या कुळातील एका वनस्पतीचे बी कठीण, दुसरीचे मऊ. मधल्या चोचीला दोन्ही नीट साधत नाहीत आणि तशी पिल्ले फारशी वाचत नाहीत. तरीही या दोन जाती नव्हेत. मोठ्या चोचीचा नर आणि लहान चोचीची मादी सर्रास जोडी जमवतात.