संभाषण कागदावर उतरवणारी साधने: मेणाच्या सिलिंडरपासून व्हिस्परपर्यंत

संभाषणाच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे बोलणे जसेच्या तसे लिहून काढलेल्या प्रतीत, दोघे एकदम बोलले की चौकोनी कंस येतो, विराम सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजून गोल कंसात लिहितात आणि प्रत्येकाचे बोलणे नव्या ओळीवर सुरू होते. ही रीत कुठल्या समितीने बसून ठरवलेली नाही. टेप, पायाचे पेडल आणि टाइपरायटर या तीन यंत्रांच्या मेळातून ती घडली आणि पुढचे प्रत्येक सॉफ्टवेअर तिला धरून किंवा तिच्याशी भांडून उभे राहिले. आज हाताशी असलेले साधन काय टिपते आणि काय गाळते, हे त्याचा जन्म कशासाठी झाला यावरून बरेचसे कळते.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेच्या मेन राज्यात पासामाक्वोडी लोकांची गाणी आणि कथा मेणाच्या सिलिंडरवर घेतल्या. क्षेत्रकामातल्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी हे एक. पण सिलिंडरवर दोन-तीन मिनिटेच मावत आणि दर वेळी वाजवताना सुईने मेण झिजे. उतरवणाऱ्याला तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावे लागते. हा पेच सुटला चुंबकीय टेपमुळे. एइजी कंपनीचा मॅग्नेटोफोन १९३५ मध्ये बर्लिनमध्ये लोकांसमोर आला, महायुद्धानंतर ते तंत्र जगभर पसरले आणि १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. टेप हवी तितकी मागे नेता येते, एवढ्या एका गुणाने अभ्यासाचा विषयच बदलला. १९६० मध्ये पिटेंजर, हॉकेट आणि डेनेही यांनी मानसोपचाराच्या एका मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांवर अख्खा ग्रंथ लिहिला. निव्वळ टिपणवहीच्या आधारे असे पुस्तक होऊच शकले नसते.

टेप उतरवण्याचे यंत्र मुळात कार्यालयातल्या टंकलेखकांसाठी होते. पेडल दाबले की टेप चालते, पाय उचलला की थांबते आणि पुन्हा दाबले की एक-दोन सेकंद मागे जाऊन सुरू होते. हे मागे जाणे महत्त्वाचे, कारण थांबण्याच्या क्षणी कानावर पडलेला शेवटचा शब्द हमखास निसटतो. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय एका कळीवर असते. ती बंद ठेवून काम करणाऱ्याच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये वाक्यांचे शेवट गळालेले दिसतात.

हार्वी सॅक्स यांनी १९६३-६४ च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आत्महत्या-प्रतिबंध केंद्रात आलेल्या दूरध्वनींच्या मुद्रणांवर काम सुरू केले. त्यातून संभाषण-विश्लेषण ही शाखा उभी राहिली. तिची लेखनपद्धती घडवली गेल जेफरसन यांनी. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचा पाळीपाळीने बोलण्याच्या रचनेवरचा लेख १९७४ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात आला आणि त्या पद्धतीची चिन्हे सर्वत्र पोहोचली. लांबवलेल्या स्वरासाठी विसर्गासारखी दोन टिंबे, मोठ्या आवाजासाठी कॅपिटल अक्षरे, हळू आवाजासाठी अंशाचे चिन्ह, मध्ये खंड न पडता जोडलेल्या बोलण्यासाठी बरोबरचे चिन्ह, ०.२ सेकंदाहून लहान विरामासाठी कंसात टिंब. यांतली बहुतेक चिन्हे टाइपरायटरच्या कळफलकावर आधीच होती. विराम मोजायला स्टॉपवॉच असे किंवा बोलण्याच्या लयीत मनातल्या मनात केलेली मोजणी. इतक्या साध्या साधनांवर जेफरसन यांनी दाखवून दिले की संभाषणातला विराम साधारण एक सेकंदाच्या आसपास पोहोचला की कोणीतरी तो भरून काढते. मोजणी चिकाटीची असेल तर साधे उपकरणही किती दूर नेते, हे त्या कामात दिसते.

टाइपरायटरचा आणखी एक वारसा आहे. त्याचे प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचे. त्यामुळे दोन ओळींतले चौकोनी कंस नेमके एकाखाली एक येत आणि कोण कोणाच्या कुठल्या अक्षरावर बोलू लागले ते नजरेला दिसे. संगणकावर वेगवेगळ्या रुंदीचे फॉन्ट आले आणि ही जुळणी मोडली. म्हणूनच रोमन लिपीतल्या ट्रान्स्क्रिप्टना आजही कुरियर हाच फॉन्ट लावतात. देवनागरीत हा उपाय चालत नाही. जोडाक्षरे आणि मात्रा यांमुळे अक्षरांची रुंदी सारखी राहत नाही, त्यामुळे स्पेस मारून कंस जुळवण्याचा खटाटोप दुसऱ्या संगणकावर फाइल उघडताच वाया जातो. कॅपिटल अक्षरे नाहीत, म्हणून मोठ्या आवाजासाठी वेगळी खूण आधीच ठरवावी लागते. दोन टिंबे विसर्गाशी गल्लत करतात. सगळ्यात अवघड जागा म्हणजे अक्षराच्या मधोमध सुरू होणारा ओव्हरलॅप, म्हणजे दोघांचे एकदम बोलणे. ‘म्हणून’मधल्या ‘णू’च्या स्वरावर दुसरा बोलू लागला आणि ‘ण’ व ऊकाराच्या मध्ये कंस टाकला, तर पडद्यावर ऊकार तुटून ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकतो आणि शोध घेताना तो शब्द सापडत नाही. कंस पूर्ण अक्षराच्या आधी टाकावा आणि नेमका क्षण वेळेच्या नोंदीवर सोपवावा, हा टिकणारा मार्ग.

पानाची मांडणी निष्पाप नसते, हे एलिनॉर ऑक्स यांनी १९७९ मध्ये ठणकावून सांगितले. मोठ्यांचे बोलणे डाव्या रकान्यात आणि मुलाचे उजवीकडे लिहिले, की वाचणाऱ्याला संभाषण मोठ्यांनीच सुरू केल्यासारखे वाटते. जर्मनीत कोनराड एहलिश आणि योखेन रेबाइन यांनी १९७६ मध्ये वेगळी वाट काढली होती. त्यांची हिआट पद्धत वाद्यवृंदाच्या स्वरलिपीसारखी: प्रत्येक वक्त्याची स्वतंत्र आडवी पट्टी, आणि वेळ डावीकडून उजवीकडे. ओव्हरलॅपसाठी कंस लागतच नाही, पट्ट्यांवरून तो आपसूक दिसतो. हाताने मात्र हे काम जिकिरीचे होते, एक शब्द वाढला तरी अख्खे पान पुन्हा आखावे लागे. हॅम्बुर्गमध्ये थॉमस श्मिट यांनी घडवलेल्या एक्स्मराल्डा या सॉफ्टवेअरने पुढे ती कटकट संपवली. देवनागरीत काम करणाऱ्यांना मी ही पट्ट्यांची मांडणीच सुचवेन.

दरम्यान बालभाषेच्या अभ्यासकांची अडचण वेगळीच होती. १९६० च्या दशकात रॉजर ब्राउन यांच्या प्रकल्पात टाइप झालेल्या मुलांच्या बोलण्याच्या प्रती हातोहात फिरत, आणि प्रत्येकाची मोजण्याची रीत निराळी. १९८४ मध्ये ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी चाइल्ड्स हा सामायिक संग्रह सुरू केला. त्यासोबत चॅट ही लेखनपद्धती आणि क्लॅन हा प्रोग्रॅम आला. चॅटमध्ये वक्त्याच्या ओळीआधी तारांकन, त्यापुढे तीन अक्षरी खूण, मग अपूर्णविराम आणि टॅब. टॅबच्या जागी स्पेस पडली तर तपासणीचा आदेश लगेच चूक दाखवतो. नव्या माणसाला हा काच वाटतो. पण शब्द मोजणारा आदेश शेकडो फाइलींवर एकदम चालवायचा तर ही शिस्त टाळता येत नाही. ट्रान्स्क्रिप्ट माणसाने वाचायचा मजकूर होता. तो यंत्राने मोजायचा विदा (डेटा) होऊ लागला तो इथून.

पण माझ्या मते सगळ्यात मोठे वळण मजकूर ध्वनीला वेळेच्या खुणेने बांधला गेला ते. अॅमस्टरडॅममध्ये पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्राट हे ध्वनीचे विश्लेषण करणारे सॉफ्टवेअर लिहायला घेतले. १९९८ मध्ये ट्रान्स्क्रायबर हे उतरवण्याचे सॉफ्टवेअर आले. नेइमेखनच्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत २००० नंतर इलान हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर घडले आणि त्यात चित्रफीतही आली. आता ओळीवर क्लिक केले की तोच तुकडा वाजतो. वाचणारा उतरवणाऱ्याच्या कानावर विसंबून राहत नाही, स्वतः तपासू शकतो.

या बांधणीने नव्या चुकाही आणल्या. इलानच्या फाइलमध्ये ध्वनी नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. फोल्डर हलवले की दुवा तुटतो. म्हणून ध्वनी आणि ट्रान्स्क्रिप्ट पहिल्या दिवसापासून एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत. बदलत्या बिटरेटची (दर सेकंदाला साठवलेली माहिती कमी-जास्त होणारी) एमपीथ्री फाइल असेल तर एका प्रोग्रॅममधली खूण दुसऱ्यात पुढे-मागे सरकते, आणि तासाभराच्या मुद्रणात शेवटी हा फरक कानाला कळण्याइतका होऊ शकतो. फोनवरच्या चित्रफितींत फ्रेमचा दर बदलता असतो, तिथेही हेच घडते. साधी वेव्ह फाइल, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, एक चॅनल, मिनिटाला सुमारे ५.३ एमबी घेते. तासाला सव्वातीनशेच्या आत. जागेची काटकसर इथे करू नये.

प्राटमध्ये शांत भाग आपोआप शोधणारा आदेश आहे. त्याची मर्यादा मुळात उणे २५ डेसिबल असते, आणि ती मुद्रणातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या तुलनेत मोजली जाते. कोणी टेबलावर हात आपटला किंवा खळखळून हसले की ती कमाल पातळी वर जाते आणि हळू बोललेले शब्द ‘शांत’ ठरतात. किमान विराम ०.१ सेकंद ठेवला तर ‘क’, ‘ट’ उच्चारताना हवेची वाट बंद राहते तो क्षणही विराम म्हणून मोजला जाऊ शकतो. ०.२ ठेवावा आणि प्रत्येक खूण कानाने पडताळावी.

आपोआप उतरवणाऱ्या यंत्रांनी हे सगळे पुन्हा ढवळून काढले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने व्हिस्पर हे बोलणे ओळखून लिहिणारे सॉफ्टवेअर खुले केले. इंटरनेटवरून गोळा केलेल्या ६,८०,००० तासांच्या ध्वनी आणि मजकुरावर ते शिकवले होते. ते १६ किलोहर्ट्झवर आणि ३० सेकंदांच्या तुकड्यांत ऐकते. वेबवरचा असा मजकूर बहुधा वाचकासाठी साफ केलेला असतो. साहजिकच व्हिस्परही ‘अं’, ‘म्हणजे म्हणजे’, अर्धवट सोडलेला शब्द गाळून नीटनेटके वाक्य देते. बातमीसाठी हे उत्तम. संभाषणाच्या अभ्यासात मात्र गाळलेले तेवढेच हवे असते. दोघे एकदम बोलले की साधारणपणे ठळक आवाजाचे शब्दच उमटतात. तुकड्याची शेवटची वेळ अनेकदा पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीपर्यंत ताणलेली असते आणि मधला विराम नाहीसा होतो. लांब शांततेत तर न बोललेली वाक्येही येतात. २०२४ मध्ये अॅलिसन कोनेके आणि सहकाऱ्यांना सुमारे १ टक्का तुकड्यांत अशी कल्पित वाक्ये सापडली, आणि वाचाघात झालेल्यांच्या बोलण्यात ती जास्त होती. त्यांच्याच २०२० च्या अभ्यासात अमेरिकेतल्या पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींचा शब्दचुकांचा दर गोऱ्या वक्त्यांसाठी सरासरी ०.१९, तर कृष्णवर्णीय वक्त्यांसाठी ०.३५ निघाला होता. कोणाचे बोलणे जास्त बिघडते, हा प्रश्न संशोधनात सोडून देता येत नाही.

तरीही ही साधने टाकाऊ नाहीत. तासाभराची मुलाखत हाताने साध्या स्वरूपात उतरवायला चार ते आठ तास जातात, जेफरसन पद्धतीने त्याच्या कितीतरी पट. चालणारा क्रम असा: शक्य असेल तर प्रत्येक वक्त्याला वेगळा माइक आणि वेगळा चॅनल, मूळ वेव्ह फाइल न छेडता जपलेली, आणि यंत्रासाठी १६ किलोहर्ट्झची वेगळी प्रत. आधी शांत भाग वेगळे काढावेत, मगच बोलणे ओळखणारी प्रणाली चालवावी. कल्पित वाक्ये त्याने कमी होतात. संमतिपत्रात बाहेरच्या सेवेचा उल्लेख नसेल तर प्रणाली स्वतःच्या संगणकावरच चालवावी. आलेली उपशीर्षकांची फाइल इलानमध्ये घ्यावी. वक्ते वेगळे करणारे तंत्र ‘हं’, ‘हो’ असे छोटे दुजोरे बहुधा चुकीच्या माणसाच्या नावावर टाकते, म्हणून पहिली फेरी फक्त कोण बोलले ते दुरुस्त करण्यासाठी. दुसऱ्या फेरीत गाळलेले हुंकार आणि तुटके शब्द परत आणावेत. विराम शेवटी, आणि ते मूळ वेव्ह फाइलवर प्राटमध्येच मोजावेत. यंत्राचा पहिला मसुदाही न बदलता बाजूला ठेवावा. पुढे एखाद्या शब्दावर वाद झाला तर तो यंत्राने लिहिला की माणसाने, हे त्यावरूनच सांगता येते.