बॅटन हवेत असतो तेव्हा काय काय चालू असतं

बॅटन ट्वर्लिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा एखादा फ्रीस्टाइल रूटीन कधी बघितलाय का? नसेल तर यूट्यूबवर जरूर बघा. संगीत चालू असतं, मधोमध एकटी मुलगी किंवा मुलगा, आणि बघता बघता ती स्टीलची काठी पार हॉलच्या दिव्यांपर्यंत वर जाते, खाली खेळाडू पाच-सहा गिरक्या घेते, हात बाजूला काढते आणि काठी बरोब्बर त्या हातात येते. प्रेक्षक ओरडतात, आपणही घरबसल्या ओरडतो. आपल्याकडे बरेच जण "डान्ससारखं काहीतरी आहे" म्हणून पुढे स्क्रोल करतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण अकरावीच्या पुस्तकातलं फिजिक्स इतकं उघडं, इतकं सुंदर दुसऱ्या कुठल्या खेळात क्वचितच दिसत असेल, आणि फायनलच्या दिवशी छाती धडधडते त्यामागेही एक साधं सूत्र आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. बँडच्या पुढे चालणारा ड्रम मेजर हातात जो मोठा दंड घेऊन चालतो (एनडीएच्या परेडमध्ये, शाळेच्या बँडमध्येही आपण बघतो) त्याच परंपरेतून हा खेळ पुढे अमेरिकेत वाढला. आंतरराष्ट्रीय फेडरेशन १९७७ मध्ये झालं, पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९८० मध्ये सिअॅटलला. आज जपान या खेळात जबरदस्त आहे, सेइशी इनागाकी, केइसुके कोमाडा ही तिथल्या वर्ल्ड चॅम्पियन्सची नावं, दोघांचे व्हिडिओ शोधून बघाच. २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप लिव्हरपूलला झाली. ऑलिम्पिकमध्ये मात्र हा खेळ अजून नाही.

बॅटन म्हणजे स्टीलची पोकळ नळी आणि दोन्ही टोकांना रबर, एका टोकाचं मोठं त्याला बॉल म्हणतात, दुसरं छोटं ते टिप. लांबी खेळाडूच्या हाताच्या लांबीवरून ठरते. आपण हिशोबासाठी ७० सेंटीमीटर धरू.

आता टॉस. वर फेकलेली वस्तू किती वेळ हवेत राहणार हे फक्त उंचीवर अवलंबून असतं (स्टीलच्या काठीला हवेचा विरोध इतका कमी की सोडून द्या). एक सेकंद हवेत ठेवायचा असेल तर हाताच्या वर साधारण सव्वा मीटर उंची पुरते. दीड सेकंदाला पावणेतीन मीटर. दोन सेकंदाला जवळपास पाच मीटर. अडीच सेकंदाला साडेसात मीटरच्या वर आणि तीन सेकंद पाहिजे असतील तर ११ मीटर, म्हणजे तीन मजली बिल्डिंगपेक्षा उंच! वेळ दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते, आणि इथेच खेळाडूची खरी गोची होते. गिरकी घ्यायला वेळ लागतो, समजा एका गिरकीला सेकंदाचा तिसरा हिस्सा. मग आणखी एक गिरकी वाढवायची म्हटली की दर वेळी आधीच्यापेक्षा जास्त उंची विकत घ्यावी लागते. तीन गिरक्यांवरून चारवर जाणं आणि सहावरून सातवर जाणं यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॉमेंट्री ऐकताना "अजून एक गिरकी तर वाढवली" असं वाटतं, पण त्या एका गिरकीसाठी काठी जवळपास दोन मीटर जास्त वर पाठवावी लागलेली असते.

आणि उंची वाढली की चूकही वाढते. पाच मीटर उंच टॉस जर सरळ उभा न जाता फक्त एक अंश तिरका गेला तर बॅटन ३५ सेंटीमीटर लांब येऊन पडतो. पाच अंश तिरका गेला तर पावणेदोन मीटर लांब. एक अंश म्हणजे किती तर घड्याळाचा मिनिटकाटा दहा सेकंदात जेवढा सरकतो तेवढा. मनगटाला तेवढी चूक परवडत नाही, दहा मीटरच्या टॉसला तर तीच चूक दुप्पट होऊन बसते.

आता फिरण्याकडे येऊ, मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. हातातून सुटल्यावर बॅटनला फिरवणारं किंवा थांबवणारं काहीच उरत नाही, गुरुत्वाकर्षण त्याच्या सगळ्या भागांना सारखंच ओढतं म्हणून त्यामुळे फिरणं बदलत नाही. त्यामुळे सोडताना जो वेग दिला तोच शेवटपर्यंत टिकतो आणि ज्या प्रतलात फिरवला त्याच प्रतलात तो फिरत राहतो. उभा फिरवून सोडला तर उभा, सीलिंग फॅनसारखा आडवा सोडला तर आडवा. जज नेमकं हे बघतात, फिरताना काठी डगमगली की समजायचं सोडतानाच बोटांनी गडबड केली होती.

एक प्रयोग घरी करून बघा. जाड पुस्तकाला रबरबँड लावून बंद करा आणि तिन्ही दिशांनी फिरवून वर फेका. दोन दिशांना ते शहाण्यासारखं फिरेल, पण एका दिशेला फेकलं की हवेतच पलटी खाईल, कितीही जपून फेका. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही वेगळ्या असलेल्या वस्तूच्या मधल्या अक्षावर फिरणं अस्थिर असतं. बॅटन गोल नळी असल्यामुळे त्याला असा मधला अक्षच नाही, त्यामुळे तो पलटी खात नाही. बॅटन चपटा असता तर हा खेळ फार अवघड झाला असता.

टोकांचं वजनही उगाच नाही. सगळं वजन नळीत सारखं पसरलेलं असेल आणि तेच वजन सगळं दोन टोकांना असेल, तर दुसऱ्याचं फिरण्याचं जडत्व तिप्पट असतं. खरा बॅटन या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी. जडत्व जास्त म्हणजे फिरवायला थोडा जड, पण एकदा फिरला की बोटाच्या छोट्या चुकीने बिघडत नाही. आपल्याकडच्या आखाड्यातली बनेटी आठवा, शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ दाखवतात तेव्हा दोन्ही टोकांना पेटते बोळे लावलेली काठी फिरते ती. तिथेही वजन टोकांनाच आणि डोळ्यांना दिसतं ते फक्त आगीचं वर्तुळ, मधली काठी गायब. बॅटनचंही तेच होतं, चमकणारी नळी पुसट होते आणि टोकांचं वर्तुळ उरतं. काठी फिरवायची परंपरा पुण्यात इतकी जुनी असताना हा खेळ इथे फारसा कोणी खेळत नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत एक मुलगी आहे, लाठी-काठी शिकते, तिने व्हिडिओ बघून बघून ऑनलाइन एक बॅटन मागवला. तिला म्हटलं आपण याचं शूटिंग करू. आधी बॅटन बोटावर आडवा तोलून बघितला, तर तोल बरोबर मध्यावर येत नाही, बॉलकडे थोडा सरकलेला असतो. त्या तोलाच्या जागी लाल टेप लावली, मोजून जो मध्य आला तिथे पिवळी, आणि फोन स्लो मोशनला लावून तिला टॉस मारायला सांगितला. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत बघितला तर टोकं नुसती गरगरतायत, पिवळी टेप लाल टेपभोवती छोट्या छोट्या फेऱ्या मारतेय आणि लाल टेप मात्र गुपचूप सरळ वर जाऊन सरळ खाली येतेय, जणू तिला फिरण्याशी काही देणंघेणंच नाही. वस्तुमानमध्य म्हणजे काय हे शाळेत पाठ केलं होतं, त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. ती बॅटन "पकडत" नव्हतीच. बॅटन हाताशी यायच्या आधीच तिचा हात खाली जायला लागलेला होता, त्याच्या बरोबरीने जात जात मग बोटं मिटत होती. थांबवायला जितका जास्त वेळ तितका धक्का कमी, लाठी शिकताना हे तिच्या हाताला आपोआप कळलेलं होतं.

कॅच बॅटनच्या मध्यावरच का घ्यायचा याचंही गणित मजेशीर आहे. पाच मीटरवरून खाली येताना बॅटनचा मध्य सेकंदाला साधारण १० मीटर वेगाने येतो, म्हणजे ताशी ३५-३६ किलोमीटर. सेकंदाला तीन फेऱ्या असतील तर टोकांचा स्वतःचा वेग ताशी २४ च्या आसपास. उभ्या फिरणाऱ्या बॅटनचं एका बाजूचं टोक खाली येत असतं आणि दुसऱ्या बाजूचं वर जात असतं, म्हणून एका टोकाचा वेग होतो ताशी साठच्या घरात आणि दुसऱ्याचा जेमतेम बारा. चुकीच्या टोकावर हात गेला तर बोटं चांगलीच शेकून निघतात.

हे सगळं चालू असताना खेळाडू गरगर फिरतेय हे विसरू नका. तिला बॅटन बहुतेक वेळ दिसतच नाही. हात अंगाशी घेतले की गिरकीचा वेग वाढतो, आणि कॅचसाठी हात बाहेर काढला की तो आपोआप कमी होतो, म्हणजे ब्रेक आणि कॅच एकाच हालचालीत. पण कानाचं काय? आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातलं द्रव डोकं थांबलं तरी थोडा वेळ आपल्याच नादात वाहत राहतं आणि डोळेही त्याच्यामागे सरकत राहतात. त्याच वेळी वरून येणारी काठी शोधायची आहे! उपाय आपल्या कथकवाल्यांना चांगला माहीत आहे. रोहिणी भाटेंनी १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून किती पिढ्या इथे चक्कर शिकल्या असतील, त्यातल्या कुणालाही विचारा, नजर समोरच्या एका जागी धरायची, अंग फिरू द्यायचं आणि मान शेवटी झटकन फिरवून परत त्याच जागी आणायची. सरावाने मेंदूसुद्धा बदलतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१३ मध्ये बॅले डान्सर्स आणि बोट वल्हवणाऱ्या मुलींची तुलना केली, अंधारात खुर्चीत फिरवून थांबवल्यावर डान्सर्सना गरगरणं कमी वेळ जाणवलं, आणि लहान मेंदूत कानाकडून येणारे हे सिग्नल हाताळणारा भाग त्यांच्यात लहान आढळला.

आता त्याच पाच मीटरच्या टॉसचा शेवटचा अर्धा सेकंद. खेळाडूने गिरकी संपवून मान वर केली तेव्हा बॅटन हाताच्या वर अजून पावणेचार मीटरवर असतो. बघून हात हलवायला मेंदूला सुमारे ०.२ सेकंद लागतात, म्हणजे उरले ०.३. तेवढ्यात इकडे तिकडे वीस-तीस सेंटीमीटर हात नेता येतो, त्यापेक्षा जास्त नाही. म्हणून कॅचचं अर्धं काम सोडतानाच झालेलं असतं आणि उरलेलं अंदाजावर. हा अंदाज मेंदू गुरुत्वाकर्षण गृहीत धरूनच करतो. १९९८ मध्ये कोलंबिया यानात अंतराळवीरांना चेंडू पकडायला दिला होता, तिथे चेंडू वाढत्या वेगाने पडत नाही, एकाच वेगाने येतो, तरी त्यांचे हात पृथ्वीवरच्यासारखे आधीच तयार होत होते.

मग फायनलला काय बिघडतं? घरी, क्लासमध्ये हजारदा जमलेला टॉस तिथेच का पडतो? नाव पुकारलं की अंगात अॅड्रिनलीन उसळतं, हृदय जोरात, स्नायू ताणलेले, आणि हात नेहमीपेक्षा थोडा जोरात वर जातो. समजा फक्त ५ टक्के जास्त वेग लागला. दोन सेकंदांचा टॉस २.१ सेकंदांचा झाला. ०.१ सेकंद म्हणजे काय मोठं, असं वाटेल, पण सेकंदाला तीन फेऱ्या मारणारा बॅटन तेवढ्यात आणखी १०८ अंश फिरतो, म्हणजे हाताला जिथे नळी सापडायला हवी तिथे ती जवळपास आडवी झालेली असते. त्यात टॉस अर्धा मीटर जास्त उंच गेलेला, खेळाडूची गिरकीही उत्साहात जरा लवकर संपलेली आणि तळहाताला घाम. म्हणून अनुभवी खेळाडू शेवटी हाताला जरासं थांबवतात, घाई न करता वाट बघतात, आणि व्हिडिओत ते थांबणं स्पष्ट दिसतं. मला त्या थांबण्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

हॉल बदलला की आणखी भानगड. छत सरावाच्या जागेपेक्षा उंच, दिव्यांची तिरीप वेगळीकडून, डोळ्यांना उंचीचा अंदाज द्यायला ओळखीचं काही नाही. वॉर्मअपमध्ये खेळाडू एकसारखे टॉस का मारत असतात ते यावरून कळेल, हाताला नवीन छत ओळखीचं करून देणं चाललेलं असतं. टीम इव्हेंटमध्ये तर एकाने फेकलेला बॅटन दुसऱ्याने घ्यायचा, तिथे एकाची चूक दुसऱ्याच्या हातात येते आणि सगळ्यांचे टॉस एका उंचीचे व्हावे लागतात.

पुण्यात कुणाला करून बघायचं असेल तर मोकळ्या मैदानापेक्षा बॅडमिंटन हॉल बरा, छत उंच आणि वारा नाही. सुरुवात एक सेकंदाच्या टॉसने करा, सव्वा मीटर फक्त, गिरकी वगैरे काही नको, आणि फोन समोर ठेवून बघा की काठी एकाच प्रतलात फिरतेय का. ती डगमगायची थांबली की मग उंची वाढवा.