बेली रंधा

बेली रंधा : बिडाचे धड, पोलादी पाते आणि पितळी चाकी फिरवून पात्याची खोली कमी-जास्त करण्याची सोय असलेला लोखंडी रंधा. अमेरिकेतील लेनर्ड बेली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची रचना बसवली आणि कनेक्टिकट राज्यातील न्यू ब्रिटन येथल्या स्टॅनली रूल अँड लेव्हल कंपनीने तो जगभर पोचवला. सुतारकामाची जुनी हत्यारे जमवणाऱ्यांनी या रंध्याचा जेवढा बारकाईने अभ्यास केला आहे, तेवढा फार थोड्या हत्यारांच्या वाट्याला आला असेल. त्याचे कारण केवळ हौस नाही. हा रंधा सुमारे शंभर वर्षे जवळजवळ त्याच रूपात बनत राहिला, त्यात लहानसहान बदल होत गेले आणि ते सगळे बदल धातूवर उमटलेले आहेत. शिवाय शतकापूर्वीचा रंधा आजही धार लावली की कामाला लागतो.

रचना : बेलीच्या आधी बहुतेक रंधे लाकडी असत आणि आपल्याकडे ते अजूनही दिसतात. कठीण लाकडाचा ठोकळा, त्यात तिरपे पाते आणि पाते घट्ट धरणारी पाचर. पाते पुढे घ्यायचे तर त्याच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोकायचे, मागे घ्यायचे तर ठोकळ्यावर. सरावलेला सुतार हे पटकन करतो, पण त्यासाठी हात तयार व्हावा लागतो. बेलीच्या रंध्यात पाते एका तिरक्या बिडाच्या बैठकीवर टेकते. या बैठकीला फ्रॉग म्हणतात आणि तिचा कोन ४५ अंशांचा असतो. पात्यावर दुसरे एक पाते स्क्रूने आवळलेले असते, ते कॅप आयर्न. त्याच्यावर लिव्हर कॅप बसते. तिची कळ दाबली की सगळे एकजीव होते आणि उचलली की पाते हातात येते, स्क्रू फिरवावा लागत नाही. फ्रॉगच्या मागे पितळी चाकी आहे. ती फिरवली की बेचक्याच्या आकाराची एक तरफ हलते, तरफेचे टोक कॅप आयर्नमधल्या खाचेत अडकलेले असते आणि पाते केसभर पुढे किंवा मागे सरकते. पाते एका बाजूला कलले असेल तर ते सरळ करण्यासाठी वर एक आडवी हलणारी तरफ आहे. ही तरफ बेलीची नव्हे. स्टॅनलीकडे काम करणाऱ्या जस्टस ट्रॉट यांच्या १८८४ च्या पेटंटानंतर ती रंध्यावर आली.

इतिहास : बेली बॉस्टनमध्ये रंधे बनवत आणि त्यांची महत्त्वाची पेटंटे १८५८ व १८६७ सालची आहेत. १८६९ मध्ये स्टॅनलीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि बेली स्वतःही काही काळ त्या कंपनीबरोबर राहिले. नंतर बिनसले. त्यांनी हार्टफर्ड येथे व्हिक्टर या नावाने निराळे रंधे काढले, पण तो धंदाही अखेर स्टॅनलीकडेच गेला. नाव मात्र टिकले. ज्या कंपनीशी त्यांचे पटले नाही, त्याच कंपनीच्या रंध्यांवर १९०२ च्या सुमारापासून पुढच्या टोकाशी ‘बेली’ ही अक्षरे ओतलेली दिसतात आणि अनेक दशके दिसत राहतात.

पेटंटांची मुदत संपल्यावर ही रचना सगळ्यांची झाली. अमेरिकेत सार्जंट, युनियन आणि मिलर्स फॉल्स यांनी तिच्यावर बेतलेले रंधे काढले. इंग्लंडातील शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीने १९३० च्या दशकारंभी ‘रेकॉर्ड’ नावाचे निळे रंधे आणले आणि स्टॅनलीच्याच क्रमांकांमागे शून्य लावून ते विकले. म्हणजे स्टॅनलीचा ५, तर रेकॉर्डचा ०५. १९३७ मध्ये स्टॅनलीने शेफिल्डमधील एक कारखाना ताब्यात घेतला आणि ‘मेड इन इंग्लंड’ असे ओतलेले रंधे तिथून निघू लागले. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात लोखंडी रंधा हाती आला, तर तो अमेरिकन निघण्यापेक्षा शेफिल्डचा किंवा देशी बनावटीचा निघण्याची शक्यता अधिक. अमेरिकन रंध्यांसाठी तयार केलेल्या कालखंडांच्या याद्या त्याला जशाच्या तशा लावू नयेत. ही चूक सर्रास होते.

क्रमांक : क्रमांक रंध्याचे माप सांगतो, वय नाही. क्रमांक ४ सुमारे ९ इंच लांबीचा, शेवटचा हात फिरवण्यासाठी. क्रमांक ५ सुमारे १४ इंचांचा, हरकामी. एकच रंधा घ्यायचा असेल तर हाच घ्यावा. क्रमांक ७ आणि ८ अनुक्रमे २२ व २४ इंचांचे, फळ्यांच्या कडा सरळ करून जोड बसवण्यासाठी. लांब तळ उंचवट्यांवरून जातो, खोलगट भागाला पाते लागतच नाही आणि त्यामुळे कड सरळ होते. आखूड रंधा मात्र फळीच्या चढउताराबरोबर स्वतःही चढतो-उतरतो. क्रमांकापुढे ‘सी’ असेल तर तळाला लांबट पन्हळी आहेत असे समजावे. पन्हळींमुळे घर्षण कमी होते असा कंपनीचा दावा होता. प्रत्यक्षात तळाला मेणबत्ती फिरवली तरी तेवढाच फरक पडतो. क्रमांक १ जेमतेम साडेपाच इंचांचा. प्रौढ माणसाच्या हातात तो नीट मावतही नाही, पण तो दुर्मिळ असल्याने संग्राहक त्याला प्रचंड किंमत मोजतात आणि म्हणून त्याच्या नकलाही फिरतात.

वय ओळखणे : रॉजर स्मिथ या अमेरिकी अभ्यासकाने १९८० च्या दशकात मांडलेल्या वर्गवारीवर पुढे भर पडून बेली रंध्यांचे एकूण २० ‘टाइप’ ठरले आहेत. पहिला टाइप १८६० च्या दशकाअखेरचा, विसावा १९६० च्या दशकातला. ही वर्गवारी मागाहून अभ्यासकांनी केलेली आहे. कारखान्यात कोणी ‘आता टाइप ११ थांबवा, १२ सुरू करा’ असे म्हटले नव्हते. जुने भाग शिल्लक असतील तर ते संपेपर्यंत वापरले जात, म्हणून दोन टाइपांच्या मधले रंधे भरपूर सापडतात.

एक उदाहरण घेऊ. क्रमांक ५ चा गंजलेला रंधा टेबलावर आहे. पहिल्यांदा लिव्हर कॅप आणि पाते काढून फ्रॉगच्या मागे, चाकीच्या पुढे, धडावर पाहावे. तिथे पेटंटांच्या तीन तारखा ओतलेल्या असतील (२५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०) तर धड १९१० ते १९१८ या काळातले, म्हणजे टाइप ११. दोनच तारखा असतील तर १९१९ ते १९२४, एकच असेल तर त्यानंतरची काही वर्षे. मग पुढची मूठ पाहावी. टाइप ११ पर्यंत ती बुटकी, दाबल्यासारखी असते, पुढे उंच होते. फ्रॉग पुढेमागे सरकवण्याचा मागचा स्क्रू १९०७ च्या सुमाराचा. तो नसेल तर रंधा बहुधा त्याआधीचा. पुढच्या मुठीभोवती धडावर उंच कडे ओतलेले असेल तर काळ १९२९ नंतरचा. आता लिव्हर कॅपचे भोक. ते चावीच्या भोकासारखे असेल तर कॅप जुनी. मूत्रपिंडाच्या आकाराचे असेल तर १९३३ नंतरची. आपल्या या रंध्याच्या धडावर तीन तारखा आहेत, मूठ बुटकी आहे, पण लिव्हर कॅपचे भोक मूत्रपिंडाच्या आकाराचे निघाले. म्हणजे धड पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे आणि कॅप त्यानंतर निदान पंधरा वर्षांनी आलेली. मूळची फुटली असेल आणि मालकाने दुसऱ्या रंध्याची लावली असेल.

पात्यावरचा छापही काळ सांगतो. हृदयाच्या आकृतीत ‘एस. डब्ल्यू.’ (स्टॅनली वर्क्स) ही अक्षरे असलेला छाप साधारण १९२० पासून १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा. हे हृदय स्टॅनली वर्क्सचे माजी अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या सन्मानार्थ होते. पण पाते ही झिजून बदलायचीच वस्तू. केवळ पात्यावरून रंध्याचे वय सांगणे म्हणजे टायरवरून मोटारीचे वय सांगणे. धडाला पहिला मान, मग फ्रॉग, मग लिव्हर कॅप आणि पाते सर्वांत शेवटी.

दुसऱ्या महायुद्धातले रंधे चटकन ओळखू येतात. पितळ युद्धाकडे वळल्याने चाकी पोलादाची किंवा कडक रबराची असते, मुठी रोझवुडऐवजी साध्या रंगवलेल्या लाकडाच्या आणि बिडाचे ओतकाम जाडजूड. देखणे नसले तरी हे रंधे वजनदार असतात आणि काम करणाऱ्यांना ते आवडतात.

जुन्या मुठींसाठी स्टॅनलीने वापरलेले रोझवुड ब्राझीलचे, डाल्बर्जिया नायग्रा. आपले शिसव, म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, त्याच कुळातले भावंड आहे. ब्राझीलच्या या झाडाचा समावेश १९९२ मध्ये साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारातील सर्वांत कडक परिशिष्टात झाला. तेव्हापासून अशा मुठी असलेल्या वस्तू देशांच्या सीमा ओलांडून विकणे कागदपत्रांवाचून शक्य राहिलेले नाही. तुटलेली मूठ शिसवात करून घेतली तर रंग आणि वजन बरेच जुळते.

निवड : संग्राहक आणि कारागीर एकाच रंध्याकडे दोन नजरांनी पाहतात. संग्राहकाला सगळे भाग मूळचे, काळे जपान लुकण (बिडावरचा काळा चकचकीत लेप) शाबूत आणि पाते लांब हवे असते. कारागिराला धड सरळ आणि अभंग हवे, बाकीचे भाग कुठूनही आले तरी चालतात. या दोहोंत कारागिराची कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती चुकली तर रंधा निरुपयोगी ठरतो. बीड ठिसूळ असते आणि रंधा जमिनीवर पडला की तडा बहुधा तोंडाच्या, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पाते बाहेर येते तिच्या, दोन टोकांपासून बाजूंच्या भिंतींत जातो. म्हणून पाते काढून, तोंडाचे कोपरे उजेडात तिरपे धरून पाहावेत. गंजाखाली तडा लपतो. संशय आला तर तिथे रॉकेलचा बोळा फिरवून पुसावा, तड्यात मुरलेले रॉकेल थोड्या वेळाने पुन्हा ओल दाखवते. तडा असलेला रंधा सुट्या भागांसाठी घ्यावा, कामासाठी नको. वरवरचा गंज, तुटलेली मूठ आणि आखूड पाते हे दोष दुरुस्त होतात. पात्याच्या सपाट पाठीवर धारेजवळ गंजाची खोल छिद्रे असतील तर मात्र त्या पात्याला कधीच नीट धार लागणार नाही.

दुरुस्ती : हलका गंज बारीक पॉलिश कागद आणि तेलाने निघतो. जास्त असेल तर सुटे भाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, लगेच कोरडे करून तेल लावावे. फार जास्त वेळ ठेवल्यास आम्ल चांगला धातूही खाते आणि पृष्ठभाग करडा पडतो. ज्या रंध्याला संग्रहमूल्य आहे तो व्हिनेगरमध्ये घालूच नये आणि त्याचे जपान लुकण खरवडून नवा रंग देऊ नये. चकाचक केलेला टाइप १ पाहून जाणकाराला आनंद होत नाही, वाईटच वाटते.

तळ सपाट करायचा तर जाड काचेवर पॉलिश कागद चिकटवून घासतात. त्या वेळी पाते आत ओढून घ्यावे, पण लिव्हर कॅप नेहमीइतकी घट्ट लावलेली असावी. तिच्या दाबाने बिडाचे धड किंचित वाकते, म्हणून मोकळे धड घासून सरळ केले तर जोडल्यावर ते सरळ राहीलच असे नाही. संपूर्ण तळ आरशासारखा होण्याची गरज नसते. पुढचे टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचे टोक एका पातळीत आले की पुरे.

वापर : पात्याचा उतार २५ अंशांवर घासून धारेपाशी ३० अंशांवर निसण्यावर फिरवतात. कोरड्या विजेच्या सहाणेवर पाते निळे पडले तर तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असे समजावे, तो भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. आपल्याकडे सागवान जास्त, आणि सागात वाळूचा म्हणजे सिलिकाचा अंश असल्याने धार लवकर बोथट होते. म्हणून काम चालू असताना निसणा हाताशीच ठेवावा. उलट्या रेषेचे लाकूड उखडू लागले तर बरेच जण रंध्याचे तोंड अरुंद करतात. त्यापेक्षा कॅप आयर्न धारेच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जवळ आणावे. निघणारी साल तिथल्या तिथे वळून मोडते आणि लाकूड उपटले जात नाही. कॅप आयर्न पात्यावर पूर्ण रुंदीत टेकत असेल तरच हे जमते. दोन्ही पाती आवळून उजेडासमोर धरली असता मधून प्रकाश दिसला, तर सालींचा कचरा त्याच फटीत अडकतो.

पितळी चाकीला थोडी ढिलाई असते, आणि जुन्या रंध्यात ती जास्त. पाते मागे घ्यायचे असेल तर हवे त्यापेक्षा जास्त मागे घेऊन पुन्हा पुढे आणावे, म्हणजे शेवटची हालचाल नेहमी पुढेच होते. नाहीतर पहिल्या दोन-चार हातांतच दाबाने पाते मागे सरते आणि साल येणे बंद होते. पाते सरळ आहे की नाही हे पाहायला रंधा उलटा धरून पुढच्या टोकाकडून तळावर नजर टाकतात. धार काळ्या रेघेसारखी दिसते, आणि ती एका बाजूला जाड दिसली तर तरफ त्याच बाजूला थोडी सरकवावी. मग एका अरुंद फळीच्या तुकड्यावर तोंडाच्या डाव्या टोकाने एक साल काढावी, उजव्या टोकाने दुसरी. दोन्ही सारख्या जाडीच्या आल्या की रंधा लागला.

कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात हे बीड एका रात्रीत तांबूस होते. काम संपल्यावर तळ कोरडा पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा, पाते आत ओढावे आणि रंधा लाकडाच्या पट्टीवर पुढचे टोक किंचित उचलून ठेवावा. ओल धरून ठेवणाऱ्या कापडात किंवा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळल्यास गंज उलट लवकर चढतो.