खोटे काढले, अर्धसत्य राहिले : लशींविषयीच्या पोस्ट हटवण्यामागचा इतिहास

डिसेंबर २०१९ मध्ये सामोआच्या सरकारने दोन दिवस कामकाज बंद ठेवले आणि लोकांना एकच गोष्ट सांगितली: घरात कोणाची लस राहिली असेल तर दारासमोर लाल कापड लावा. पथके गावोगाव फिरत होती. लाल कापड दिसले की थांबायचे, लस टोचायची, पुढे निघायचे. प्रशांत महासागरातल्या या जेमतेम दोन लाख वस्तीच्या देशात गोवराच्या त्या साथीने ८३ जणांचा बळी घेतला. त्यांतली बहुतेक पाच वर्षांखालची बाळे होती.

फेसबुक, यूट्यूब, ट्विटर यांनी लशींविषयीचा मजकूर काढायला सुरुवात केली ती कोविडमध्ये, असे सर्रास सांगितले जाते. मला ही हकीकत सामोआपासून सांगावीशी वाटते, कारण पुढे सगळ्या जगाला जो गुंता सोडवता आला नाही, त्याचे टोक तिथे दिसते.

जुलै २०१८ मध्ये तिथल्या सवाई बेटावर गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस दिल्यावर लगोलग दोन बाळे दगावली. लस निर्दोष होती. कुपीतली पूड पाण्यात कालवायची असते. परिचारिकांच्या हातून ती मुदत संपलेल्या, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली गेली होती. हे उघड व्हायला आणि लोकांना पटायला वेळ लागला. मधल्या काळात सरकारने ती लस देणेच कित्येक महिने थांबवले, आणि त्या शांततेत फेसबुकवरून भीती पसरत गेली. लस घेतलेल्या बाळांचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास घसरले. साथ आल्यावरसुद्धा पपईच्या पानांचा अर्क आणि जीवनसत्त्वे यांचा प्रचार चालूच होता. ‘लस दिली आणि दोन बाळे गेली’ हे वाक्य खोटे नव्हते. त्याचा पुढचा अर्धा भाग कोणी सांगत नव्हते.

अर्धसत्याची ही वाट त्याआधी वीस वर्षे मळलेली होती. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला. अवघ्या १२ मुलांच्या नोंदींवरून त्यात गोवराच्या एकत्रित लशीचे नाव स्वमग्नतेशी (ऑटिझम) जोडले गेले. २००४ मध्ये ब्रायन डिअर या पत्रकाराने वेकफील्ड यांचे लपवलेले आर्थिक हितसंबंध बाहेर काढले. लस-उत्पादकांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळत होते. तरी निबंध मागे घ्यायला २०१० उजाडले, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने वेकफील्ड यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. म्हणजे वैद्यकीय जगातल्या अत्यंत कसून तपासणी करणाऱ्या व्यवस्थेला एक मजकूर हटवायला बारा वर्षे लागली. त्याच बारा वर्षांत, २००४ ते २००६ दरम्यान, फेसबुक, यूट्यूब आणि ट्विटर जन्माला आले. निबंध शास्त्रज्ञांमध्ये मोडीत निघाला तोवर त्यातली भीती या नव्या घरांत राहायला गेली होती.

या कंपन्यांची सुरुवातीची भूमिका सरळ होती: लोक काय म्हणतात त्याला आम्ही जबाबदार नाही. अमेरिकेच्या १९९६च्या कायद्यातले कलम २३० त्यांच्या पाठीशी होते. वापरकर्त्याने लिहिलेल्या मजकुरासाठी कंपनीवर दावा चालत नाही, आणि सद्हेतूने तो मजकूर काढला तरीही चालत नाही. ठेवा नाहीतर काढा, कायदा दोन्हीकडून सांभाळून घेतो. त्यामुळे काय ठेवायचे हा प्रश्न न्यायालयाचा राहिला नाही, कंपनीच्या धोरणाचा झाला. धमकी, नग्नता, द्वेष यांसाठी नियम होते. केवळ चुकीची माहिती आहे म्हणून पोस्ट काढायची नाही, असा तेव्हाचा दंडक होता.

तो ढळू लागला तो गोवरामुळे. २०१९ मध्ये अमेरिकेत गोवराचे १,२०० हून जास्त रुग्ण सापडले, १९९२ नंतर तोपर्यंतचे सर्वाधिक. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षीच्या दहा मोठ्या धोक्यांत लशीविषयीच्या चालढकलीचा समावेश केला. पिंटरेस्टने लशींविषयीच्या शोधाचे निकाल दाखवणेच थांबवले होते. फेब्रुवारीत अमेरिकी काँग्रेसचे सदस्य अ‍ॅडम शिफ यांनी गूगल आणि फेसबुकला पत्र लिहून जाब विचारला. यूट्यूबने लसविरोधी व्हिडिओंवर जाहिराती दाखवणे बंद केले. मार्चमध्ये फेसबुकने जाहीर केले की असा मजकूर आता लोकांसमोर कमी आणला जाईल. लक्षात घ्या, कमी आणला जाईल. काढला जाणार नव्हता. बोलायचे त्याने बोलावे, पण त्याच्या हाती आम्ही ध्वनिक्षेपक देणार नाही, असा तो विचार होता. मला तो आजही त्या सगळ्या काळातला सर्वांत शहाणा विचार वाटतो. त्याला पुरते वर्षही मिळाले नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट वेगळी. तिथले संदेश कंपनीलाच वाचता येत नाहीत, मग काढणार काय? मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांवरून २०१८ मध्ये भारतात जमावाने माणसे मारली, तेव्हा कंपनीने एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, खूप फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. मजकुराला हात न लावता फक्त वेग कमी करणारा हा उपाय होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘इन्फोडेमिक’ हा शब्द वापरला. खऱ्याखोट्या माहितीचा असा महापूर की माणसाला कशावर विश्वास ठेवावा तेच कळू नये. त्या वसंतात इराणमध्ये दारूने विषाणू मरतो असे समजून विषारी मिथेनॉल प्यायलेली शेकडो माणसे मेली. ब्रिटनमध्ये फाइव्ह-जीमुळे आजार होतो या समजुतीतून मोबाइलचे मनोरे पेटवले गेले. अशा पोस्ट काढाव्यात की नाही, यावर वाद घालायलाही कोणाला सवड नव्हती आणि नसायलाच हवी होती.

१६ मार्च २०२० रोजी फेसबुक, गूगल, लिंक्डइन, मायक्रोसॉफ्ट, रेडिट, ट्विटर आणि यूट्यूब यांनी एकत्र निवेदन काढले: कोविडविषयीची फसवणूक आणि चुकीची माहिती रोखण्यासाठी आम्ही मिळून काम करत आहोत. त्याच दिवशी यूट्यूबने आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मजकूर तपासणारी माणसे कार्यालयात येऊ शकत नसल्यामुळे यापुढे यंत्रणा बरेचसे निर्णय आपोआप घेणार होती. म्हणजे नियम सर्वांत नाजूक झाले, त्याच आठवड्यात ते लावणारे मानवी डोळे घरी गेले. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत यूट्यूबवरून १ कोटी १४ लाख व्हिडिओ निघाले, तोपर्यंतच्या कोणत्याही तिमाहीपेक्षा जास्त. ते सगळे कोविडचे नव्हते, सगळ्या प्रकारच्या नियमांखालचे होते. चुकून बरेच निर्दोष व्हिडिओही निघतील, हे कंपनीने आधीच कबूल केले होते.

बडी नावेही सुटली नाहीत. मार्चअखेर ब्राझीलचे अध्यक्ष बोल्सोनारो यांचा मजकूर ट्विटर आणि फेसबुकने काढला. ऑगस्टमध्ये, लहान मुले या आजारापासून जवळपास सुरक्षित आहेत असे सांगणारा डोनाल्ड ट्रम्प यांचा व्हिडिओ फेसबुकने उतरवला. तोवर मे महिन्यात एका २६ मिनिटांच्या कटकथेच्या व्हिडिओने दाखवून दिले होते की काढणे हे पळणाऱ्याच्या मागे धावणे आहे. आठवडाभरात तो लाखो लोकांनी पाहिला, मग काढला गेला, आणि ‘काढला’ याचीच जाहिरात होऊन दुसरीकडे फिरत राहिला.

लशी आल्या तशी यादी वाढत गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये यूट्यूबने, डिसेंबरमध्ये फेसबुकने कोविडच्या लशींविषयीचे खोटे दावे काढायचे ठरवले. मार्च २०२१ मध्ये ट्विटरने पाच चुकांची पद्धत आणली; पाचव्या चुकीला खाते कायमचे बंद. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने मान्यताप्राप्त सगळ्याच लशींना हा नियम लावला.

या वाढत्या यादीत ८ फेब्रुवारी २०२१ रोजी फेसबुकने एक ओळ घातली, जिची किंमत आजही मोजली जाते आहे. लशीत सूक्ष्म चिप असते, लशीने स्वमग्नता येते, असल्या दाव्यांच्या पंगतीत ‘कोविड मानवनिर्मित आहे’ हा दावाही बसवला गेला. पहिले दोन तपासून खोटे ठरलेले होते. तिसरा म्हणजे एक उघडा प्रश्न होता. विषाणू प्राण्यांतून आला की प्रयोगशाळेतून निसटला, याविषयी शास्त्रज्ञांमध्येच चर्चा चालू होती. अठरा नामवंत शास्त्रज्ञांनी मे महिन्यात ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात पत्र लिहून दोन्ही शक्यता नीट तपासाव्यात असे म्हटले. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी गुप्तचर यंत्रणांना ९० दिवसांत अहवाल मागितला, त्याच दिवशी, २६ मे रोजी, फेसबुकने ती ओळ मागे घेतली. साडेतीन महिने. त्यात नेमक्या किती पोस्ट गेल्या त्यापेक्षा मला जास्त वाईट वाटते ते याचे, की यानंतर चिपविषयीची पोस्ट काढली तरी ‘तेव्हाही असेच काढले होते’ हे उत्तर प्रत्येकाच्या हाती आयते आले.

आणि कात्रीच्या आवाक्यात जे कधी आलेच नाही, ते तर याहून मोठे होते. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या एका डॉक्टरांचा लस घेतल्यानंतर दोन आठवड्यांनी मृत्यू झाला. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीचा मथळा साधारण असा होता: निरोगी डॉक्टरचा लशीनंतर दोन आठवड्यांत मृत्यू, चौकशी सुरू. मथळ्यातला शब्द न् शब्द खरा होता. लशीमुळेच मृत्यू झाला असे पुढे सिद्ध झाले नाही, पण तोवर अमेरिकेत फेसबुकवर ती बातमी जवळपास साडेपाच कोटी लोकांसमोर गेली होती. मे २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने हिशोब मांडला: तथ्य तपासणाऱ्यांचा खोटी म्हणून शिक्का बसलेली फेसबुकवरची सगळी माहिती एकत्र केली तरी तिला जितक्यांनी पाहिले, त्याच्या सहापटींहून जास्त लोकांनी ही एक बातमी पाहिली. लोकांचा लस घेण्याचा विचार बदलण्यात शिक्का बसलेल्या खोट्यापेक्षा शिक्का न बसलेल्या, मन कलुषित करणाऱ्या मजकुराचा वाटा ४६ पट ठरला. सामोआतले ते वाक्य इथे इंग्रजीत आणि साडेपाच कोटी लोकांपुढे बोलले गेले होते.

सरकारे मात्र काढण्यावरच जोर देत राहिली. जुलै २०२१ मध्ये समाजमाध्यमांविषयी विचारल्यावर बायडेन म्हणाले, ते लोकांना मारत आहेत. नंतर त्यांनी हे शब्द सौम्य केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारत सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरने पन्नासेक ट्वीट देशात दिसेनाशी केली होती, आणि त्यांत सरकारच्या कोविड हाताळणीवर टीका करणारीही होती. ३० एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले की प्राणवायू आणि खाटांसाठी समाजमाध्यमांवर हाक मारणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नका. आजारापासून वाचवणे आणि टीकेपासून वाचणे यांतली रेघ सरकारच्या हाती दिली की ती कुठे सरकते, याचा हा नमुना आहे.

अमेरिकेत मिसूरी आणि लुइझियाना ही राज्ये न्यायालयात गेली: सरकारने कंपन्यांवर दबाव आणून नागरिकांचे बोलणे दडपले. जुलै २०२३ मध्ये खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम दिला. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो उलटवला, पण दावा लावण्याचा अधिकारच सिद्ध झालेला नाही या कारणावर. दबाव कुठे संपतो आणि सल्ला कुठे सुरू होतो, हा मूळ मुद्दा तसाच राहिला.

तोवर कंपन्याच माघारी फिरल्या होत्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये, इलॉन मस्क यांच्याकडे ताबा गेल्यावर, ट्विटरने कोविडचा नियम राबवणे थांबवले. मे २०२३ मध्ये कोविडची जागतिक आणीबाणी संपली आणि त्यानंतर बहुतेक देशांत फेसबुकची मूळ कंपनी मेटा हिनेही नियम काढले. ऑगस्ट २०२४ मध्ये मेटाने क्राउडटँगल हे साधन बंद केले. फेसबुकवर काय पसरते आहे हे पत्रकार आणि संशोधक त्यावरून पाहत असत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतली फॅक्ट-चेकिंगची व्यवस्था गुंडाळत असल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये गूगलच्या मूळ कंपनीने काँग्रेसला कळवले की कोविडच्या जुन्या नियमांखाली बंद झालेल्या यूट्यूब वाहिन्यांना परत येण्याची संधी दिली जाईल.

त्याच २०२५ मध्ये टेक्सासच्या पश्चिम भागात गोवर पसरला. लस न घेतलेली शाळकरी वयाची दोन मुले गेली. तिथल्या एका रुग्णालयात काही मुले यकृताच्या तक्रारी घेऊन आली. गोवर टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी त्यांना घरीच अ जीवनसत्त्व भरमसाठ दिले गेले होते. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून, अ जीवनसत्त्व द्यावे ही जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे. आई-वडिलांपर्यंत पोहोचले होते ते त्यातले ‘अ जीवनसत्त्व द्यावे’ एवढेच.